पिवळी कुणाच्या मापाची

मला मोटारसायकल नको होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी इतक्या जणांना "घ्यायचीच आहे" असं ठणकावून सांगितलं की खरं काय आणि थाप कुठली, हे माझं मलाच कळेनासं झालं. माझं वय एक्कावन्न, उंची पाच फूट तीन इंच, आणि धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. डॉक्टर हिरड्यांचे ठसे पाठवतात, मी त्यावरून दात बसवतो. दगडधोंड्यांतून दोन चाकांवर हाडं खिळखिळी करून घ्यायची हौस आमच्या घरात एकट्या दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला.

दादा एकसष्ट वर्षांचा. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, दीड वर्षापूर्वी निवृत्त झाला. गेली एकोणीस वर्षं दर रविवारी तो सात-आठ जणांच्या टोळक्याबरोबर डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गाडी घालतो. गाडी पिवळी, उंच, साडेचारशे सीसीची आणि स्वभावाने उर्मट. त्या टोळक्यातले सगळे त्याला दादा म्हणतात आणि गाडीला नुसतं पिवळी.

एका दुपारी वहिनी माझ्या कामाच्या खोलीत आली. ती तिथे कधी येत नाही, तिला टेबलावर मांडलेले दात बघवत नाहीत. स्टुलावर बसली, दातांकडे पाठ केली आणि म्हणाली, "भावोजी, तुम्ही यांची गाडी घ्या."

"कशाला?"

"म्हणजे ती यांच्याकडे राहणार नाही."

मग तिने सगळं सांगितलं. दादा विसरायला लागला होता. जेवण झाल्यावर तासाभराने जेवायला बसायचा. ज्या इमारतीची लिफ्ट तीस वर्षं सांभाळली तिथे मित्राला भेटायला गेला आणि चुकीच्या मजल्यावर उतरून कुणाच्या तरी घरात जाऊन बसला. हेल्मेट फ्रीजमध्ये सापडलं.

"चष्मा मीही एकदा फ्रीजमध्ये ठेवला होता," मी म्हणालो.

"तुम्ही तो हसत बाहेर काढला असेल. हे म्हणाले, तिथेच असतं ते."

डॉक्टरकडे चला म्हटलं की दादा तिला म्हणायचा, तुझंच डोकं तपासून घे. गाडी बंद करा म्हटलं तर तीन दिवस बोलला नव्हता. "तुम्ही मागितलीत तर देतील," वहिनी म्हणाली. "तुम्हाला ते कधी नाही म्हणालेत?"

हे खरं होतं. लहानपणापासून मी मागितलं आणि दादाने दिलं नाही असं झालंच नाही. त्याचाच असा वापर करायचा म्हणजे मला कसंतरीच वाटलं. तरी मी हो म्हणालो, कारण वहिनी रडायला लागली होती आणि माझ्या हाताला मेण लागलेलं होतं.

त्याच संध्याकाळी मी दादाकडे गेलो आणि म्हणालो, "दादा, मलाही यावंसं वाटतंय तुमच्यात. तुझी पिवळी मला दे, तू आता आराम कर."

आराम वगैरे त्याने ऐकलंच नाही. त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "ठेंग्या!" तो ओरडला. एक्कावन्नाव्या वर्षीही मी त्याला ठेंग्याच. "एकोणीस वर्षं तुझ्या मागे लागलोय आणि आज उजाडलं होय! पण पिवळी नाही. पिवळी तुझ्या मापाची नाही."

"मला पिवळीच हवी."

"उगाच हट्ट करू नकोस. कवळी कशी, ज्याची त्याच्या तोंडात. दुसऱ्याची घालतो का कुणी?"

माझ्याच धंद्यातलं बोलून त्याने माझं तोंड बंद केलं. मग त्याने टेप आणली, मला भिंतीला टेकून उभं केलं आणि मांडीपासून टाचेपर्यंत पायाचं माप घेतलं. बहात्तर सेंटिमीटर. वहीत लिहिलं. पुढचे तीन आठवडे माझ्यासाठी गाडी शोधायचा विडाच त्याने उचलला.

आणि त्या तीन आठवड्यांत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. दादा म्हणायचा, मैदानात उड्या मारायची गाडी वेगळी आणि डोंगरवाटेची वेगळी. उड्यांची गाडी घेतलीस तर दर वळणावर बंद पडेल आणि किक मारता मारता तुझा जीव जाईल. टोळक्याचा म्होरक्या, जो गुरांचा डॉक्टर होता, म्हणायचा की टू-स्ट्रोकच घे, हलकी असते, पडली तर एकटा उचलशील. टोळक्यातला बेकरीवाला म्हणायचा की टू-स्ट्रोकची ताकद एकदम येते आणि नवा माणूस झुडपात जातो, फोर-स्ट्रोक घे. मी म्होरक्याला फोर-स्ट्रोक म्हटलं की तो कपाळाला हात लावायचा. अडीचशे सीसी कमी पडते म्हणणारे होते, तेवढीच जास्त होते म्हणणारेही होते. मी सगळ्यांना मान डोलावून शेवटी "पण मला पिवळीच हवी" असं म्हणायचो. मग सगळे मिळून माझ्याकडे असे बघायचे, जणू वेड मलाच लागलंय.

खरा गोंधळ मात्र वेगळाच होता. ज्या माणसाला दहा गाड्यांच्या सीटची उंची, वजन, टाकीत किती लिटर मावतं, कुठल्या गाडीचं रेडिएटर पडल्यावर आधी फुटतं हे तोंडपाठ आहे, तो विसरतो म्हणजे नक्की काय विसरतो? मला वाटायला लागलं की वहिनी उगाच घाबरलीय. मग एकदा मी त्याची वही सहज उघडली. माझ्या पायाचं माप त्याने एकाच संध्याकाळी तीनदा घेतलं होतं, हे मला आठवत होतं. मी तो त्याचा चोखंदळपणा समजलो होतो. वहीत एकाखाली एक तीन ओळी होत्या: ठेंग्या, पाय, बहात्तर. तिन्ही वेळा अक्षर तेच, तारीख तीच, माप बरोबर. आता याला विसरणं म्हणायचं की नेमकेपणा, हे मला ठरवता येईना.

दादाने माझ्यासाठी भाड्याने एक निळी गाडी आणली. ठेंगणी, दोनशे तीस सीसीची, बटणावर सुरू होणारी. तिच्यावर बसलो की दोन्ही तळवे जमिनीला टेकायचे. चार रविवार त्याने मला मोकळ्या माळावर शिकवलं. उभं राहून चालव, गुडघ्यांनी टाकी धर, नजर चाकापुढे नको, लांब ठेव. मी सात वेळा पडलो. वाईट याचं वाटत होतं की मला मजा यायला लागली होती.

पाचव्या रविवारी टोळक्याबरोबर निघालो. त्यांची एक पद्धत आहे, ती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. म्होरक्याला वाट माहीत, बाकीच्यांना नाही. जिथे वाटेला फाटा फुटतो तिथे म्होरक्या डावा हात वर करतो आणि त्याच्या लगेच मागचा माणूस तिथेच थांबतो. येणाऱ्या प्रत्येकाला तो वाट दाखवतो. सगळ्यात शेवटचा आला की फाट्यावरचा आपली जागा सोडतो आणि त्याच्या पुढे निघतो. फाट्यावर कुणीच उभं नसेल तर सरळ जायचं. धुरळ्यामुळे एकमेकांत बरंच अंतर ठेवतात, त्यामुळे कुणी कुणाला दिसत नाही. सगळा भरवसा फाट्यावरच्या माणसाचा. आणि शेवटचा नेहमी एकच, दादा. हेल्मेट, गॉगल आणि धूळ यांत माणूस ओळखूच येत नाही. पिवळी दिसली की शेवटचा आला, हे एकोणीस वर्षांचं गणित.

निम्म्या वाटेवर विसावा झाला. निघताना बाकीचे पुढे गेले आणि आम्ही दोघंच मागे राहिलो. वहिनीने सकाळीच मला बजावलं होतं, आज काय ते पक्कं करा. मी दादाला म्हणालो, "एकदा तरी पिवळीवर बसू दे."

"पाय टेकणार नाहीत."

"बघू तर दे."

तो हसला. "बस. म्हणजे तुझं तुलाच कळेल. मी निळीवर मागून येतो. धुरळा बसला की निघेन."

त्याने किक मारून पिवळी सुरू करून दिली, मला वर बसवलं आणि तोल सांभाळेपर्यंत मागून धरून ठेवलं. लहानपणी सायकल शिकवताना धरायचा, अगदी तसंच. मी निघालो. अदलाबदल केली तर फाट्यावरच्यांना सांगून ठेवायला हवं, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं की माझ्या? आजही मला याचं उत्तर देता येत नाही.

पिवळीवर माझी तारांबळ उडाली. हँडलवरची मूठ जराशी पिळली की ती पुढे झेपावायची, सोडली की नाक खाली घालायची. फाट्यावर बेकरीवाला उभा होता, हात डावीकडे करून. मला बघताच त्याने मान हलवली, गाडी सुरू केली आणि निघून गेला. माझ्या मनात काहीतरी खटकलं. हा का निघाला? दादा तर अजून मागे आहे. थांबावं असं वाटलं. पण तिथे चढ होता, माझे पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबकळत होते, थांबलो असतो तर गाडीखाली गेलो असतो. दादा बघेल, असं मनाशी म्हणालो आणि बेकरीवाल्याच्या धुरळ्यात शिरलो.

वाट संपते तिथे एक पत्र्याची शेड आहे. मी कसाबसा पोचलो आणि भिंतीला टेकवून गाडी उभी केली. म्होरक्याने पाठीवर थाप मारली. "दादा, आज फारच सावकाश! भाऊ कुठाय?"

मी हेल्मेट काढलं. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

"तू?" म्होरक्या म्हणाला. "मग दादा कुठाय?"

"मागे."

"मागे कुठे? शेवटचा तर तू आलास."

"माझ्या मागे दादा आहे. निळीवर."

बेकरीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मी पिवळी बघितली आणि निघालो," तो म्हणाला. "पिवळी आली म्हणजे झालं ना!"

मी विचारलं, "त्या फाट्यावरून सरळ गेलं तर काय आहे?"

म्होरक्या म्हणाला, "जुनी दगडाची खाण. कठडा वगैरे नाही."

तिथे फोन लागत नाहीत. म्होरक्याने बेकरीवाल्याला पिवळी दिली, त्याची बेताच्या उंचीची गाडी मला दिली, आणि आम्ही तिघं उलटे निघालो. सगळ्या वाटेभर माझ्या डोक्यात एकच घोळ चालू होता. दादाचं डोकं ठिकाणावर असेल तर तो खाणीच्या आधी थांबेल. नसेल तर? आणि थांबला तर वहिनीचं म्हणणं खोटं ठरेल. मला नक्की काय हवं होतं? भाऊ जिवंत हवा होता, एवढं मात्र एका क्षणात कळलं. बाकी सगळं गेलं उडत.

खाणीच्या अलीकडे, ती सरळ वाट संपते तिथे, निळी स्टँडवर लावलेली दिसली. दादा दगडावर बसला होता. हेल्मेट मांडीवर, पाठ आमच्याकडे. म्होरक्याने हात करून बेकरीवाल्याला थांबवलं. "तू जा," तो मला म्हणाला. "आम्ही इथे आहोत."

मी जवळ गेलो. दादाने मान वळवली. त्याचे डोळे लाल होते. मी त्याला आमचे वडील गेले तेव्हासुद्धा असं बघितलं नव्हतं.

"वळण चुकलो रे," तो म्हणाला. "फाट्यावर माणूस उभा असणार. मला दिसलाच नाही. एकोणीस वर्षांत कधी असं झालं नाही. तुझी वहिनी म्हणते ते खरंच आहे. पिवळी तू घे. आजच ने."

जे मागायला वहिनीने मला पाठवलं होतं ते आपण होऊन माझ्या हातात पडत होतं. मी नुसती मान डोलवायची होती. दादा घरी सुखरूप, वहिनी निर्धास्त, भांडण नाही, काही नाही. मी मान डोलवलीही असती. पण तो इतका घाबरलेला होता, आणि त्याच्या त्या भीतीचं कारण मी होतो. माझ्याने गप्प बसवेना.

"तू चुकला नाहीस," मी म्हणालो. "फाट्यावर कुणी नव्हतंच. बेकरीवाल्याने पिवळी बघितली आणि तो निघून गेला. पिवळीवर मी होतो, दादा. चूक माझी आहे. तू बरोबर सरळ आलास, पद्धतीप्रमाणे."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याने मोठा श्वास घेतला, हसलासुद्धा. मलाही हायसं वाटलं. मग त्याने कपाळाला आठी घातली.

"पण तू पिवळीवर कशाला बसला होतास?"

मला वाटलं चेष्टा करतोय. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने निळीकडे पाहिलं. तिच्या सीटवर हात ठेवला, ठेंगण्या स्टँडकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. त्याला ते मांडून बघायला बराच वेळ लागला.

"अदलाबदल केली आपण," तो शेवटी म्हणाला. विचारल्यासारखं.

"हो."

"मीच दिली तुला?"

"हो. मागून धरलंससुद्धा."

"मला आठवत नाही." तो हे अगदी शांतपणे म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तुला माहीत होतं?"

"वहिनीने सांगितलं होतं."

"कधी?"

"दोन महिने होतील."

दादा लिफ्टवाला आहे, बिघाड कुठून सुरू झाला ते मागे मागे जाऊन शोधायची त्याला सवय आहे. "म्हणजे गाडी तुला नकोच होती," तो म्हणाला.

"नको होती."

"आणि मी वही घेऊन तुझ्यासाठी गावभर गाड्या बघत फिरलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो की तुझ्या काळजीपोटी केलं, वहिनी रडत होती, दुसरं काही सुचलं नाही. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. मग एकदम तापला. आवाज चढला नाही, पण मी त्याला ओळखतो.

"मला सांगायचं होतंस. तोंडावर सांगायचं. दादा, तू विसरतोस, गाडी सोड. मी भांडलो असतो, तुला हाकलून दिलं असतं. उद्या परत येऊन सांगायचं. विसरलो तर परवा परत. लागेल तितक्यांदा सांग, पण मला फसवायचं नाही. आधीच मला काय खरं ते कळत नाहीये, त्यात तुम्ही खोटं घालाल तर मी धरू कशाला?"

मी त्याच्यापुढे रडलो. तोही रडला असेल, धुळीने आमचे दोघांचे चेहरे असे माखले होते की काही कळत नव्हतं. मी शब्द दिला की इथून पुढे खोटं बोलणार नाही. त्यावर त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "आणि पिवळी घेऊ नकोस. पाय टेकत नाहीत तुझे. म्हणून थांबला नाहीस ना फाट्यावर?"

हे मी त्याला सांगितलेलंच नव्हतं.

पिवळी दादाने स्वतः विकली, जमिनीची मोजणी करणाऱ्या एका उंच बाईला. तिला त्याने एक तास प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि मगच हो म्हणाला. त्यानंतर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. निळी मी त्या भाड्यावाल्याकडून विकत घेतली. रविवारी जातो. वहिनीला हे अजिबात पसंत नाही, माझ्या बायकोला त्याहून नाही.

परवा दादाकडे गेलो होतो. तो खिडकीशी उभा राहून खाली वाहनं लावतात तिथे बघत होता. वळून म्हणाला, "ठेंग्या, पिवळी कुठाय?"

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. त्याच्या पाठीमागून मला खुणा करायला लागली आणि मग न राहवून म्हणालीच, "दुरुस्तीला दिलीय हो. भावोजी, सांगा ना त्यांना."

किती सोपं होतं. त्याने "बरं" म्हटलं असतं आणि चहा घ्यायला बसला असता. वहिनी दिवसरात्र त्याच्यापाशी असते, मी आठवड्यातून एकदा येतो. तिचं चुकतंय असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझं बरोबर आहे असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.

"तू विकलीस, दादा," मी म्हणालो.

"मी? का?"

"तू विसरायला लागलास म्हणून."

त्याचा चेहरा पडला. पहिल्यांदा ऐकावं तसा. वहिनी पदर डोळ्याला लावून आत गेली. दादा खुर्चीत बसला.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"मी सांगितलं."

"कितीदा?"

"हे सातव्यांदा."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "वैतागलास?"

"हो," मी म्हणालो.

"वैताग," दादा म्हणाला. "पण सांगत जा."